तिसरा बोर्ड

१

अण्णासो नेज्यांच्या घरात दर दोन तासांनी मोबाइलचा गजर वाजायचा, आणि अण्णासो हातात असेल ते टाकून आतल्या खोलीत जायचे. तिथं पलंगावर त्यांची बायको राजमती पडलेली असायची. एक हात पाठीखाली, दुसरा गुडघ्यांखाली, "हां, चल" म्हणायचं आणि तिला या कुशीवरून त्या कुशीवर करायचं. मग पाठीला पावडर, दोन पायांमध्ये उशी, आणि चादरीला एक सुरकुती म्हणून राहता कामा नये. चौदा महिने हे चाललं होतं. एवढ्या दिवसांत राजमतीच्या पाठीवर साधा लाल ठिपका उठला नव्हता. तपासायला घरी येणाऱ्या डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणायच्या, "अण्णा, दवाखान्यात पण अशी पाठ बघाय मिळत न्हाय." अण्णासोंना त्याचं बरं वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर गेल्या चौदा महिन्यांत त्यांना कशाचं काही वाटलंच नव्हतं. गजर वाजला की उठायचं, एवढंच त्यांना कळायचं.

राजमतीच्या अंगावरून वारं गेलं ते सकाळी दूध तापवताना. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि त्यांच्या बरोबर वाचाही गेली. जयसिंगपूरची माहेरवाशीण ती. तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की रुईकर कॉलनीच्या मागच्या अख्ख्या गल्लीत कुणाची टाप नव्हती मध्ये बोलायची! आणि आता तोंडातून नुसता "अं" निघायचा. दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, "उजवी बाजू गेली की पुष्कळांचं बोलणंही जातं. डावी गेली असती तर कदाचित बोलल्या असत्या." आता ह्यात माणसानं काय करायचं, सांगा. अण्णासोंनी मान हलवली आणि औषधं आणायला खाली गेले.

२

अण्णासो शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तेहतीस वर्षं इलेक्ट्रिकल पॅनेलचं काम बघून निवृत्त झाले होते. तरुणपणी, मासिकं वाचून वाचून, त्यांनी एक कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जुळवला होता. लाकडी खोकं, आत हिरवे बोर्ड, मागं तीन स्लॉट, आणि जुन्या टीव्हीवर पांढरी अक्षरं. राजमती त्याला "तुमचं डबडं" म्हणायची. पस्तीस वर्षं झाली तरी डबडं चालत होतं. अण्णासो बाहेरच्या खोलीत त्याच्यापुढं बसायचे.

राजमती अशी पडली तेव्हा पुण्याहून लेकीनं, आदितीनं, टॅब पाठवला. चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलणार. पण राजमतीचा चांगला डावा हातही कापायचा. काचेवर बोट कुठंही पडायचं आणि "दुखतंय" म्हणायचं तिथं टॅब "टीव्ही लावा" म्हणायचा. ती रडायची. अण्णासो म्हणाले, काचेचं काय खरं न्हाय, बटण कसं, दाबलं की दाबल्यागत कळतं. त्यांनी फौंड्रीच्या पॅनेलला असतात तशी चार मोठी बटणं प्लायवुडच्या पट्टीवर बसवली. पट्टी राजमतीच्या डाव्या हाताखाली ठेवली. तिची वायर डबड्यात घालायच्या एका कार्डाला, म्हणजे हातानं केलेल्या बोर्डाला, जोडली, कार्डावर आवाज साठवणारी एक चिप बसवली आणि आदितीकडून फोनवर चार वाक्यं बोलून घेतली. पाणी पाहिजे. कूस बदला. दुखतंय. इकडं या. बटण दाबलं की बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरातून आदिती बोलायची.

कल्पना झकास होती, बोर्ड मात्र भिकार झाला होता. फ्रीज सुरू झाला की आदिती "पाणी पाहिजे" म्हणायची. गच्चीवरचा पंप लागला की "इकडं या". अण्णासो धावत आत जायचे आणि राजमती डोळ्यांनीच सांगायची, मी न्हाय दाबलं. दुसरा बोर्ड केला, तोही तसाच. दिवसात दहादा उगाच हाक, आणि अकराव्यांदा खरी हाक आली की अण्णासो म्हणायचे, असंल फ्रीज. एकदा ती तासभर ओल्यात पडून राहिली. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की बोर्डाची आखणी मुळापासून बदलायची.

३

तीन आठवडे ते लॅपटॉपवर तिसरा बोर्ड आखत बसले. बटणांच्या वायरी बोर्डाच्या एका टोकाला येत होत्या आणि चिप दुसऱ्या टोकाला होती. मध्ये चार इंच तांब्याची रेघ. चार इंच रेघ म्हणजे अँटेनाच की! घरातला सगळा खरखराट ती गोळा करणार. अण्णासोंनी चिप उचलून बटणांच्या शेजारी आणली. प्रत्येक चिपच्या पायाला खेटून एक छोटा कपॅसिटर दिला. खालची बाजू सगळी तांब्यानं भरून घेतली, म्हणजे खरखर तिथल्या तिथं जिरावी. मधूनमधून गजर वाजायचा, ते उठून कूस बदलून यायचे आणि पुन्हा रेघा ओढायला बसायचे. बरं वाटत होतं असं काही म्हणता येणार नाही, पण दिवस जात होते.

पुण्याच्या एका बोर्ड छापणाऱ्याकडून मंगळवारी दुपारी कुरिअर आलं. पाच बोर्ड होते. एकावर त्यांनी तीन वाजेपर्यंत सगळं सोल्डर केलं. डबडं बंद केलं, जुना बोर्ड उपसला, नवा दाबून बसवला आणि बटण टाकलं. डोक्यावरचा पंखा क्षणभर मंदावला आणि पुन्हा फिरू लागला. कार्डावरचा हिरवा दिवा लागला. तेवढ्यात फ्रीज सुरू झाला, आणि आदिती गप्प राहिली. अण्णासो पाच मिनिटं थांबले. पंप लागला. तरी गप्प. जमलं म्हणायचं.

मग त्यांनी उरलेल्या चारांतला, मघाशीच खिशात टाकलेला एक बोर्ड सहज हातात घेतला आणि त्यांचं डोकं सरकलं. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्या उलट्या होत्या. एक नंबरची पट्टी डावीकडे हवी, ती उजवीकडे होती. चूक कुठं झाली ते त्यांना लगेच कळलं. फौंड्रीत असताना ते बोर्ड हातानं, ग्राफ पेपरवर आखायचे, तेही सोल्डर करायच्या बाजूनं, म्हणजे खालून बघत. आता लॅपटॉप वरून बघायला लावतो. जुन्या हाताला ते कुठलं सुधरतंय? सवयीनं त्यांनी सगळा बोर्ड खालून बघितल्यासारखा आखला होता.

पण मग हे चालतंय कसं? पाच व्होल्ट थेट ग्राउंडला गेले असणार. धूर निघायला पाहिजे होता, निदान फ्यूज तरी जायला पाहिजे होता. त्यांनी मागून वाकून बघितलं. हिरवा दिवा शांतपणे जळत होता. त्यांनी विचार केला, पस्तीस वर्षांत कधीतरी आपणच स्लॉटची वायरिंग फिरवली असंल आणि विसरलो असू. खिशातल्या मोबाइलवर चार वाजताचा गजर वाजला आणि तो विचार तिथंच राहिला.

४

आत जाऊन त्यांनी सवयीनं दाराच्या डाव्या हाताला दिव्याचं बटण चाचपलं. तळवा कोऱ्या भिंतीवर पडला. बटण दाराच्या उजव्या अंगाला होतं. आपण चुकीच्या हातानं चाचपलं असणार, असं म्हणून त्यांनी दिवा लावला.

तानाबाई राजमतीचं अंग पुसत होती. ती रोज उचगावहून वडापच्या जीपनं यायची, अंग पुसणं, कपडे, भांडी करून पाचला जायची. तिनं अण्णासोंकडे बघितलं आणि तिचा हात थांबला.

"काय पायजे, अण्णा?"

"कूस बदलायची हाय न्हवं."

"कुणाची?"

अण्णासोंना वाटलं, चेष्टा करती. तानाबाईला चेष्टेची खोड होतीच. "तुझी," ते म्हणाले.

ती हसली नाही. "मी वळवल्यात मघाशी. जावा तुम्ही, बसा भाईर." राजमती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं मान वळवून बघितलंही नाही. अण्णासो बाहेर आले आणि जुना बोर्ड टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

५

नेज्यांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी खात नाही. राजमतीचा तर लग्नाआधीपासूनचा नेम होता, मावळतीनंतर पाण्याचा थेंबही नाही. ती अशी पडल्यावर आदिती म्हणाली होती, आता कसला नेम. पण राजमती सूर्य गेल्यावर ओठ मिटून घ्यायची, औषधाचं पाणीही थुंकून टाकायची. तेव्हा अण्णासो पावणेसहालाच ताट घेऊन आत जात.

त्या दिवशी मऊ भात आणि वरण घेऊन ते पलंगावर बसले. बटणांची पट्टी राजमतीच्या उजव्या हाताखाली होती. तानाबाईनं ठेवली असणार चुकून. त्यांनी पट्टी उचलून डाव्या हाताखाली सरकवली. डावा हात पट्टीवरून घसरला आणि गादीवर पडला, ओल्या पंच्यासारखा. मग राजमतीनं उजवा हात उचलला, अंगावरून पलीकडे नेला आणि पट्टी ओढून परत आपल्या उजव्या बाजूला घेतली.

अण्णासो ताट धरून बसले. उजवा हात. चौदा महिने ज्याची बोटं ते रोज एक एक उलगडून तेल लावत होते, तो हात. ओरडावं, आदितीला फोन लावावा, असं काहीतरी व्हायला पाहिजे होतं. त्यांनी फक्त डावा हात उचलून सोडून बघितला. तो पुन्हा पडला. एक आला आणि एक गेला, असं कसं होईल? दुसरा झटका आला असेल का? पण झटक्यानं गेलेला हात परत येतो असं कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी चार घास भरवले आणि उशीर झाला म्हणून तिला वळवायला घेतलं. एक हात पाठीखाली गेला, आणि राजमती किंचाळली, "आई गं!"

शब्द होता. अख्खा शब्द. अण्णासोंनी हात काढून घेतला. बोटांना काहीतरी ओलं लागलं होतं. त्यांनी हळूच गाऊन वर केला. पाठीच्या खाली, कमरेपाशी, रुपयाएवढी एक आणि त्याच्या शेजारी तळहाताएवढी एक, अशा दोन जखमा होत्या. मोठीच्या कडा काळ्या पडल्या होत्या. ह्या दोन तासांत होणाऱ्या जखमा नव्हेत, आठवड्यांच्या होत्या. आणि दुपारी दोन वाजता, बारा वाजता, दहा वाजता ही पाठ त्यांनी स्वतः पुसली होती.

"राजमती," ते म्हणाले, "तू बोललीस."

तिनं तोंडावर हात दाबला. मग घाईघाईनं पट्टीवर बोट नेऊन लाल बटण दाबलं. बाहेरून आदितीचा आवाज आला, "दुखतंय."

"बटण कशाला? बोल की. बोल."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. भेदरलेले डोळे. राजमती आयुष्यात कधी कुणाला भ्यायलेली त्यांनी बघितली नव्हती. मग ती म्हणाली, "रागवणार न्हाईसा न्हवं?"

६

बुधवारी सकाळी तानाबाई आली तशी अण्णासोंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "राजमतीचा कुठला हात गेलाय?"

"डावा."

"पयल्यापासनं?"

"पयल्यापासनं डावाच की. अण्णा, तुमाला बरं हाय न्हवं? काल अक्कांना सवताहून वळवाय निघालासा, मी घरात सांगितलं तर आमच्या मालकाला खरंच वाटंना." ती हे चेष्टेनं म्हणत नव्हती.

अण्णासोंनी कपाटातून दवाखान्याची फाइल काढली. पहिल्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, डावी बाजू. वाचा ठीक. ते पानं उलटत गेले. तीन वेगवेगळ्या तारखांना एकच ओळ होती: पाठीवर जखमा, दर दोन तासांनी कूस बदलणे, घरच्यांना पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी "पुन्हा" या शब्दाखाली पेननं दोन रेघा मारल्या होत्या. अक्षर डॉक्टरीणबाईंचंच होतं. अण्णासोंनी फाइल होती तशी ठेवून दिली.

म्हाताऱ्याचं डोकं फिरतंय, असं म्हणायची सोय होती. वय एकसष्ट, चौदा महिने सलग झोप नाही. कुणीही डॉक्टर म्हणाला असता, अण्णा, तुमच्या ध्यानात गोंधळ झाला. त्यांनी ते स्वतःला दोनदा म्हणून बघितलं. पण हाताला पाठ ठाऊक असते हो. डोकं विसरेल, तळवा कसा विसरेल?

दहा वाजता स्पीकरातून आदिती म्हणाली, "कूस बदला."

ते आत गेले. तानाबाई राजमतीच्या चांगल्या, उजव्या हाताला तेल लावत होती आणि पट्टी खिडकीत ठेवलेली होती. बटणांना कुणाचा हात लागलेला नव्हता. "फ्रीज असंल," ते पुटपुटले आणि बाहेर आले. फ्रीज बंद होता. पंप बंद होता. आणि हा तिसरा बोर्ड होता. ह्याची आखणी त्यांनी स्वतः केली होती, ह्यात खरखर शिरायला जागाच ठेवली नव्हती. त्यांनी कार्डामागची बटणांची वायर उपटून टेबलावर ठेवली. आता कार्डाला काहीच जोडलेलं नव्हतं.

"कूस बदला," आदिती म्हणाली.

मग जरा थांबून, पुन्हा. बटण कापऱ्या हातानं दाबलं की ते सुटतं आणि वाक्य दोनदा सुरू होतं. ते तसंच झालं, कूस, कूस बदला. अण्णासोंना तो हात ओळखीचा होता. स्पीकरासमोर ते खुर्ची धरून उभे राहिले.

७

बारापर्यंत सात वेळा "कूस बदला" झालं. दोनपर्यंत आणखी अकरा. अण्णासो गजर वाजला की आत जाऊन ह्या राजमतीची जखम धुवायचे, मलम लावायचे, तिला अलगद वळवायचे. ती आता भीत नव्हती. तीनच्या सुमाराला तानाबाई भांडी घासत असताना ती हळूच म्हणाली, "काल तुम्ही मला उजव्या हातानं भरवलंसा."

"मग?"

"ते डावखुरे हाईत."

अण्णासोंनी मलमाची डबी बंद केली.

"तुम्ही कोण, म्हणून मी इचारत न्हाय," ती म्हणाली. "तोंड तेच हाय, आवाज तोच हाय. मला पुरं हाय तेवढं."

"ते मारायचे तुला?"

"न्हाय वो. हात कधी लावला न्हाय. हाक मारली की चिडायचे. तोंड बंद ठेव, काय पायजे ते बटण दाबून सांग, म्हणायचे. म्हणून तर ती बटणं केली. बटण दाबलं की नुसतं यायचे न्हाईत. तिकडं बसून ऐकायचे." तिनं चादरीची कड सारखी केली. "त्यांना काय वाटतच न्हाय, असं एकदा म्हणाले मला. माझा दोष न्हाय राजमती, मला कशाचं काय वाटतच न्हाय."

अण्णासोंनी मान खाली घातली. हे वाक्य त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण ते त्यांचंच होतं. इथला अण्णासोही चौदा महिने इथंच बसला होता, ह्याच डबड्यापुढं, असाच सुन्न. फक्त त्यानं गजर लावला नव्हता. म्हणजे तो मीच, अण्णासोंना वाटलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं, आणि ती भीती होती.

बाहेर आदिती म्हणाली, "कूस बदला. कूस बदला."

तो आता तिकडं होता. त्यांच्या घरात, त्यांच्या राजमतीजवळ. तिला तर हाकही मारता येत नव्हती.

त्यांनी डबडं न उघडता बॅटरीचा उजेड पाडून स्लॉटमध्ये बघितलं. तिसऱ्या बोर्डाची एक नंबरची पट्टी डावीकडे होती. म्हणजे इथं तो सरळ होता. ड्रॉवर उघडून जुना, दुसरा बोर्ड काढला. त्याच्या पट्ट्या उलट्या होत्या. तिकडं उलटा बोर्ड घातला आणि ते इकडं आले. आता इकडं उलटा असलेला घातला की परत जाता येईल. असं का व्हावं हे त्यांना माहीत नव्हतं. पण इलेक्ट्रिकल माणसाला जोडणी कळली की तेवढं बास असतं.

८

तानाबाई पाचला गेली. अण्णासोंनी जुना बोर्ड पुसला, पट्ट्यांवर खोडरबर फिरवून चकचकीत केल्या. मग त्यांच्यानं राहवलं नाही, ते आत गेले. राजमतीनं त्यांच्या हातातला बोर्ड बघितला.

"निघालासा व्हय?"

"तिला बोलता येत न्हाय, राजमती."

"मला येतंय. त्यानं माझं काय झालं?"

ते तिच्या उशाशी उभे राहिले. खिडकीतून ऊन कलताना दिसत होतं.

"मग भरवून तरी जावा," ती म्हणाली. "दिवस मावळाय आलाय. ते आले की आज काय मला जेवाय मिळत न्हाय. उद्या सकाळपर्यंत तोंडात पाणी न्हाय माझ्या."

आता सांगा, जैनाच्या घरातला माणूस नेमाच्या बाईला उपाशी टाकून कसा जाणार? दहा मिनिटांचं काम. अण्णासोंनी भात कालवला. तिला उशीला टेकवून बसतं केलं. एक घास, मग पाण्याचा घोट. ती सावकाश खायची आणि मध्ये मध्ये बोलायची. वरणात हिंग कमी झालाय म्हणाली. तुम्हाला भात मऊ करायचं कुणी शिकवलं, म्हणाली. जयसिंगपूरच्या घराची, तिच्या आईच्या हातच्या कटाच्या आमटीची काहीबाही गोष्ट सांगायला लागली. तोच आवाज होता. शब्दाच्या शेवटाला तोच हेल. चौदा महिन्यांत अण्णासोंनी तो स्वप्नातसुद्धा ऐकला नव्हता. बाहेर आदिती बोलत होती. कूस बदला. पाणी पाहिजे. कूस बदला. अण्णासोंना ते ऐकू येत होतं. त्यांनी पुढचा घास कालवला. मग आणखी एक कालवला. मग ताटात भात संपला तेव्हा त्यांनी, थोडा आणू का, असं विचारलं, आणि ती आणा की म्हणाली, आणि ते आणायला उठले.

"पाणी पाहिजे," आदिती म्हणाली. "इकडं या. इकडं या. इकडं..."

आणि मध्येच तोडल्यासारखं बंद झालं.

अण्णासो पातेलं तसंच सोडून बाहेरच्या खोलीत आले. डबडं चालू होतं, टीव्हीवर अक्षरं होती. कार्डावरचा हिरवा दिवा मात्र विझला होता. वीज होती, फ्यूज होता, बोर्ड स्लॉटमध्ये घट्ट होता, आणि तरीही तो असा मेला होता, जसा उपसून हातात घेतल्यावर बोर्ड मरतो. तिकडं कुणीतरी त्याला स्लॉटातून काढलं होतं. कुणी काढलं असेल ते त्यांना ठाऊक होतं. त्या हाका ऐकत बसलेल्या माणसाला त्या बंद करायच्या होत्या, आणि बोर्ड कसा उपसायचा हे त्याला येत होतं.

त्यांनी डबडं बंद केलं. तिसरा बोर्ड ओढून काढला, बोट कापलं, जुना दाबून बसवला आणि बटण टाकलं. पंखा ह्या वेळी मंदावला नाही, एकसारखा फिरत होता. दिवा लागला. फ्रीज सुरू झाला आणि आदिती म्हणाली, "पाणी पाहिजे."

फ्रीज असेल. किंवा ती असेल. अण्णासो आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. सूर्य गेला होता आणि खोलीत अंधारून आलं होतं. पलंग दिसत होता, पलंगावर कुणीतरी आहे एवढं दिसत होतं, पण कुठला हात चादरीवर आहे ते काही उमजत नव्हतं. दिवा लावायला त्यांचा हात उचलेना. दारातच उभं राहून त्यांनी चौदा महिने देवाकडे जे मागितलं होतं, त्याच्या नेमकं उलटं मागितलं. ती गप्प राहू दे, एवढंच.

"राजमती," त्यांनी हाक मारली.

"काय वो?" ती म्हणाली.